झारचे बोट आणि आपली कात्री

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला बोलोगोये या रशियन रेल्वेगावावरचा लेख वाचला. मध्ये एक रात्र गेली, राग काही गेला नाही, म्हणून लिहितो. लेखकमहाशय स्वतः तिथे उतरले, तळ्याकाठी हिंडले, उत्तमच झाले. पण झारचे बोट घातल्याशिवाय आपल्याकडे रशियन रेल्वेवर लिहिताच येत नाही का?

मॉस्को-पीटर्सबर्ग मार्ग सरळ जावा हा झार पहिल्या निकोलसचा हट्ट, इथपर्यंत खरे. त्यापायी नोव्हगोरोदसारखे जुने, नावाजलेले शहर रुळांपासून लांब राहिले आणि बोलोगोये नावाच्या खेड्याचे नशीब उघडले. पुढचे सगळे कीर्तन. म्हणे नकाशावर मार्गाची रेघ मारताना झारचे बोट पट्टीच्या पुढे आले, पेन्सिल बोटाला वळसा घालून गेली आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून रुळही तसाच वळवला! निकोलस वारला १८५५ मध्ये. ते वळण बांधले १८८१ मध्ये. मेलेल्या राजाच्या बोटाला सव्वीस वर्षांनी कोण घाबरले, हे लेखकांनी सांगावे. शिवाय वळण बोलोगोयेला नव्हतेच. ते व्हेरेब्येला होते, पीटर्सबर्गच्या बाजूला शंभराहून अधिक किलोमीटरवर.

१८५१ मध्ये मार्ग सुरू झाला तेव्हा व्हेरेब्येलाही रूळ सरळच होता. खोल दरी, तीवर झुराव्स्की या इंजिनिअरचा लाकडी पूल, आणि लांबलचक चढ. साधारण १२५ फुटांना एक फूट. आमच्या कसारा घाटातल्या ३७ ला १ पुढे हा चढ म्हणजे काहीच नाही असे कुणी म्हणेल, पण त्या काळच्या इंजिनांचा जीव तो केवढा! पीटर्सबर्गकडून येणाऱ्या गाडीला जादा इंजिने जोडावी लागत आणि मॉस्कोकडून उतरणारी गाडी आवरता आवरत नसे. म्हणून चढ टाळणारा, काही किलोमीटर लांबचा वळसा काढला. पुढे इंजिनांत ताकद आली, वळशाची गरज उरली नाही, आणि २००१ मध्ये नवा पूल बांधून मार्ग पुन्हा सरळ केला. ज्याने ब्रेकव्हॅनमध्ये बसून घाट चढलाय, मागून ढकलणारे बँकर इंजिन टेकताना ज्याच्या हातातला चहा सांडलाय, त्याला हे समजवावे लागत नाही. माझी नोकरी याच घाटात गेली.

आता मूळ दुखणे. काही वर्षांपूर्वी आपल्याच दैनिकात हीच बोटाची गोष्ट आली होती. तेव्हाही मी पत्र पाठवले होते. आपण ते छापलेत, आभारी आहे. फक्त सुरुवातीला मी ती दंतकथा सांगितली होती तेवढा भाग ठेवलात, आणि 'हे साफ खोटे आहे' पासून पुढचे सगळे जागेअभावी उडवलेत! खाली माझे नाव, गाव, 'निवृत्त गार्ड' हा हुद्दा, सगळे व्यवस्थित. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींनी त्यानंतर मला 'झार' म्हणायला सुरुवात केली. एका जुन्या ड्रायव्हरने तर फोन करून विचारले, काय हो, एवढी वर्षे घाटात काढून तुम्हाला ग्रेडियंट माहीत नाही? खुलाशाचे पत्र पाठवले, ते कुठे गेले देव जाणे. म्हणून या वेळी नाव देत नाही. आणि कापायचेच असेल तर कृपया वरचा भाग कापा.

बरे, बोटाने एवढी जागा खाल्ल्यावर गावाला उरले काय? 'दोन राजधान्यांच्या मधले स्टेशन', संपले. मधले आहे हे खरे. पीटर्सबर्गपासून ३१९ किलोमीटर, मॉस्कोपासून ३३१. पण आज तिथून पाच दिशांना मार्ग फुटतात, ते काय आपोआप फुटले? १८७० च्या सुमारास रिबिन्स्कचा फाटा आला तो धान्यासाठी. व्होल्गेवरून बार्जमधून धान्य रिबिन्स्कला यायचे, तिथून रेल्वेने बोलोगोये, पुढे पीटर्सबर्गचे बंदर. नंतर प्स्कोव्हचा फाटा, आणि १९०७ मध्ये आजच्या पोलंडमधल्या सेदलेत्सपर्यंतचा, तो तर उघडउघड सैन्य पश्चिम सरहद्दीवर नेण्यासाठी. इतके फाटे जमले की शेड, यार्ड, वर्कशॉप, क्वार्टर्स मागोमाग येतातच. १४९५ च्या नोंदींत सापडणाऱ्या या खेड्याला शहराचा दर्जा मिळाला थेट १९१७ मध्ये, तो रेल्वेवाल्यांच्या जोरावर. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी या जंक्शनवर बॉम्बचा वर्षाव केला, कारण वायव्य आघाडीची रसद इथूनच जायची. यातली एक ओळ लेखात नाही. प्लॅटफॉर्मवरच्या मांजराला मात्र पूर्ण परिच्छेद आहे. मांजराशी माझे वैर नाही.

जाता जाता आणखी एक. बोलोगोये ज्या प्रांतात येते त्या त्वेरची ओळख लेखकांनी 'कापडगिरण्यांचे शहर' अशी करून दिली. अहो, अफानासी निकितिन हा व्यापारी त्वेरचाच ना? पंधराव्या शतकात घोडा विकायला चौलला उतरलेला, पावसाळाभर जुन्नरला अडकलेला, तिथल्या खानाने घोडा जप्त करून वर धर्म बदलायची अट घातलेला. एका खोरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा बिचाऱ्याचा घोडा सुटला. परत जाताना स्मोलेन्स्कजवळ वारला, त्वेरला पोचलाच नाही. मराठी दैनिकाने त्वेरवर लिहायचे आणि जुन्नरचे नाव नाही? रेवदंड्याला त्याचे स्मारकही आहे. आपल्या छायाचित्रकाराला तिथे एका दिवसात जाऊन येता आले असते. मग बोलोगोये म्हणून मॉस्कोच्या टर्मिनसचा फोटो छापायची वेळ आली नसती.

– एक निवृत्त गार्ड, इगतपुरी