धुकं कसलं, केमिकल आहे ते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या पडक्या मठांचे जुने फोटो छापलेत, बघून मजा आली, मराठी पेपरात असलं काही क्वचितच येतं. पण फोटोंखाली जे लिहिलंय ना, गूढ धुकं, उदास आकाश वगैरे, ते वाचून हसू आलं. अहो, त्या काळच्या निगेटिव्हवरचं चांदीचं केमिकल निळ्या प्रकाशाला भलतंच सेन्सिटिव्ह होतं, त्यामुळे दगडी भिंत नीट उमटेपर्यंत आकाश पार पांढरंफटक होऊन जायचं, मग बाहेर लख्ख ऊन का असेना. ढग हवेच असतील तर काही जण ते दुसऱ्या निगेटिव्हवरून वेगळे छापायचे!

खरी गंमत छपराची आहे आणि तीच लेखात नाही. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 मध्ये मठ बंद केले तेव्हा छपरावरचं शिसं काढून विकलं, मग पावसापाण्याने उरलेलं छप्परही गेलं. आता एवढ्या स्लो, म्हणजे चित्र उमटायला खूप वेळ घेणाऱ्या मटेरियलवर चर्चच्या आतला फोटो म्हणजे महाकठीण काम, पण इथे वरून भरपूर उजेड, त्यामुळे आतल्या कमानी, खांब सगळं आरामात मिळायचं. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात उजेड फक्त समोरून येतो, आत मोबाईलवरसुद्धा खांब धड येत नाहीत, तिथे तो जुना कॅमेरा लावून बघा म्हणजे कळेल.

इंग्लिश फोटोग्राफर रॉजर फेंटनने 1854 मध्ये रीव्हो ॲबीचे (ॲबी म्हणजे मठ) फोटो काढले. तो असल्या पडक्या वास्तूंत मुद्दाम माणसं उभी करायचा, बसवायचा, म्हणजे कमान केवढी उंच आहे ते कळतं. आणि निगेटिव्हची पद्धत शोधणाऱ्या टॅल्बटची आज शिल्लक असलेली सगळ्यात जुनी निगेटिव्ह, ऑगस्ट 1835 ची, ती कुठली? लेकॉक ॲबीतल्या खिडकीची, म्हणजे जुन्या मठाचंच पुढे घर झालेलं, आणि हा तिथे राहायचा! एवढी भारी गोष्ट सोडून धुक्यावर अख्खा पॅरा??

पुढच्या वेळी फोटोखाली साल, फोटोग्राफरचं नाव आणि निगेटिव्ह कागदाची की काचेची एवढं तरी टाका. आणि प्लीज कडा कापू नका, जुन्या फोटोंत माणसं बऱ्याचदा कोपऱ्यातच असतात.

आपला,
एक नियमित वाचक,
सदाशिव पेठ, पुणे