शनिवारचं चित्र: ताईंना उघड पत्र

प्रिय ताई,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. चित्रं काढून कपाटात ठेवून देणारी आणखीही माणसं असतील. त्यांच्या वाचनात आलं तर फारच बरं.

चित्र काढायला मला दुसऱ्यांनी शिकवलं. हात बऱ्यापैकी चालत होता, पण काढलेलं कुणाला दाखवायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. 'घाबरू नकोस' म्हणणारे पुष्कळ भेटले. तुम्ही मात्र वार ठरवून दिलात. दर शनिवारी संध्याकाळी एक चित्र पाठवायचं, जिथवर झालं असेल तिथवर.

त्या एका अटीने काय केलं, हे मला फार उशिरा उमगलं. चित्र दाखवण्याजोगं झालं की नाही, हे ठरवण्याचं काम माझ्याकडून निघून गेलं. ते मी ठरवत होते तोवर उत्तर कायम 'नाही' असंच यायचं. आता शनिवार ठरवत होता.

मग तुम्ही पसाराही कमी करायला लावलात. महागडा जाड कागद समोर असला की तो वाया जाईल या धास्तीने हात आखडतो, म्हणून साधा, पोस्टकार्डाएवढा कागद. रंग दोनच, अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. या दोघांच्या मिश्रणातून थंड राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत किती छटा निघतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कुठला रंग घेऊ या विचारात जाणारा वेळ वाचला आणि सावली खरंच कुठे पडलीय, याकडे नजर गेली. जलरंग सुकला की फिका पडतो, हे मला ऐकून ठाऊक होतं. हाताला ते कळलं या छोट्या कागदांवर.

आणि तुमचे प्रश्न! 'छान' हा शब्द तुम्ही जपून वापरता. 'खुर्चीचा मागचा पाय जमिनीवर टेकलाय का?' 'इथे कडा इतकी धारदार का ठेवलीस?' असं कुणी विचारलं की कळतं, या माणसाने चित्र खरोखर पाहिलंय. कौतुकाने मी दोन दिवस हवेत असायचे. तुमच्या प्रश्नाने पुढच्या चित्राला हात घालावासा वाटायचा.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. 1880 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं आणि भाऊ थिओला तो अखेरपर्यंत लिहीत राहिला. थिओला लिहिलेली सहाशेहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत, आणि हातात असलेल्या चित्राचं छोटं रेखाटन त्यांतल्या कितीतरी पत्रांत आहे. जगाने पाहण्याआधी एक माणूस ती पाहत होता. मला ही गोष्ट अजून पुरते, कारण माझ्यासाठी तो एक माणूस तुम्ही झालात.

पुढे चित्रं सगळ्यांसमोर ठेवायला लागले, तेव्हा एकाने 'यात नवीन काय?' असं विचारलं. ते फार लागलं. तुम्ही समजूत घातली नाहीत, त्याला नावंही ठेवली नाहीत. पुढच्या शनिवारी काय काढतेयस, एवढंच विचारलंत. राग आला होता मला त्या वेळी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कागद भिजवून बसले होते.

भीती गेलेली नाही, ताई. शनिवारी दुपारपासून ती असतेच. फक्त आता ती चित्र अडवून धरत नाही.

या आठवड्याच्या चित्रात ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब आहे. त्याची खालची कडा मला अजून खटकतेय. तरी पाठवतेय. तुम्ही नेमकं कुठे बोट ठेवता, ते पाहायचंय.

मनापासून आभार.

तुमची,
शनिवारची चित्रकार