शहापूरच्या रेडिओवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

माझा विमानात वापरायचा हेडसेट दुरुस्त केलात, त्याबद्दल दुकानात येऊन आभार मानले तर तुम्ही "असू दे की" म्हणून हात झटकणार, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. बेळगाव-खानापूरकडची आणखी पोरं विमान शिकतात, त्यांच्याही कामी येईल.

माझ्या हेडसेटचं दुखणं विचित्र होतं. कानात सगळं स्वच्छ यायचं, पण मी मान उजवीकडे वळवली की माझं बोलणं सांबऱ्याच्या विमानतळाच्या टॉवरला पोहोचायचं नाही. बटण दाबलं की रेडिओ ट्रान्समिट करायचा, पण नुसताच, आवाजाशिवाय. आवाजाची स्पष्टता १ ते ५ अशी मोजतात, तिथं माझ्या वाट्याला १ यायला लागला. आणि वळण घेण्याआधी मान वळवून बघावंच लागतं! ज्यांच्याकडून हेडसेट घेतला ते म्हणाले, दुरुस्ती होत नाही, नवा घ्या. किंमत ऐकून बाबा गप्पच बसले.

तुम्ही मात्र मंडळांच्या ॲम्प्लिफायरच्या ढिगातून जागा केलीत आणि म्हणालात, "इमानाचं होय? मग घाई करायचं नाही." स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या आधी कुठली तार काय करते ते विचारलंत. जाड जॅक, ६.३५ मिलिमीटरचा, तो कानाचा. थोडा बारीक, ५.२ चा, तो माइकचा. त्याच्या टोकावर बोलायच्या बटणाची लाइन, मधल्या कड्यावर आवाज, अंगाला अर्थिंग. मी सांगत गेले, तुम्ही जुन्या बिलाच्या पाठीवर चित्र काढलंत. मग मीटर बझरवर लावून, म्हणजे तार अखंड असेल तोवर वाजत राहील असा, केबल बोटाबोटानं वाकवत गेलात. कानाच्या वाटीत केबल शिरते तिथं बझरचा आवाज तुटला. मधल्या कड्याची तार ती, आवाजाची.

साल काढल्यावर आत नेहमीची तांब्याची तार नव्हती. धाग्याभोवती गुंडाळलेली पातळ चमकती पट्टी. मला वाटलं आता हे परत करणार. तुम्ही हसलात, "ही तर साडीची जर!" मागावरच्या घरात वाढलेल्या माणसालाच ते दिसणार. सारखी वाकली तरी टिकावी म्हणून ती तशी करतात, पण सोल्डर नीट बसत नाही आणि सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकवली की आतला धागा जळतो. तुम्ही तुटका भाग छाटून टाकलात, टोकाला केसासारखी तांब्याची तार घट्ट वेढली, आणि क्षणभरच इस्त्री लावलीत. त्यावर नळी, तिच्यावर दुसरी नळी. शेवटी वाटीच्या आत केबलला गाठ, ओढ सोल्डरवर येऊ नये म्हणून. ही गाठ कंपनीनंच घालायला हवी होती, असं माझं मत.

एवढ्यावर दुसऱ्या कुणी पैसे घेऊन पाठवलं असतं. पण या माइकला विमानाच्या रेडिओकडून ८ ते १६ व्होल्ट लागतात आणि ते आवाजाच्याच तारेवरून येतात, हे मी म्हटल्यावर तुम्ही ९ व्होल्टची बॅटरी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर जोडून, मध्ये कपॅसिटर घालून माइक ॲम्प्लिफायरला लावलात. मला मान हलवत १ ते १० मोजायला सांगितलंत. गिऱ्हाइकं बघत उभी होती. मी दोनदा मोजलं, तुम्ही तिसऱ्यांदा मोजायला लावलंत.

आणि तरी "झालं" म्हणाला नाहीत. "आधी जमिनीवर सरांसमोर लावून बघ, मग वर जा," म्हणालात. तसंच केलं. इंजिन चालू असताना रेडिओ तपासणीला पाचपैकी पाच मिळाले, डावीकडे बघून आणि उजवीकडे बघूनही.

तुम्ही फक्त नळी नि सोल्डरचे पैसे घेतलेत, ते मला पटलेलं नाही. पुढच्या आठवड्यात माझी मैत्रीण तिचा हेडसेट घेऊन येईल. तिचा एक कान बंद आहे. तिच्याकडून मजुरी पुरती घ्या. माझी बाकी मी तिच्याजवळच पाठवते, कुंद्याच्या डब्यासोबत, म्हणजे परत करता येणार नाही.

तुमची,
सांबऱ्याची पोर