निवडक झाडांचा उतारा आणि मेंदूतील ‘दुःखाची जागा’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मनाच्या त्रासाचा मेंदूतील अमुक जागेशी ‘घट्ट संबंध’ सापडल्याच्या बातम्या मराठी दैनिकांच्या पुरवण्यांत वरचेवर वाचायला मिळतात. अशाच एका बातमीचे कात्रण घेऊन आमच्या गावचे एक कापूस उत्पादक शेतकरी मागच्या आठवड्यात माझ्या ओसरीवर आले आणि म्हणाले, “साहेब, नागपुराले नेऊन पोराच्या डोक्याचा फोटू काढला, तं त्याले टेन्शन कायचं हाय ते दिसन काय?” मी नाही म्हणालो. का नाही, हे तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

या संशोधनात वापरले जाणारे यंत्र एमआरआयचेच असते. फक्त मेंदूच्या कोणत्या भागातील रक्तात प्राणवायूचे प्रमाण कसे बदलते, हे त्यावर काही काळ टिपले जाते. म्हणजे पेशींचे काम थेट दिसत नाही. त्या कामापाठोपाठ काही सेकंदांनी बदलणारा रक्तपुरवठा दिसतो, आणि तोही डोके किंचित हलले किंवा आधी चहा घेतलेला असला तरी बदलतो. मेंदूच्या चित्राचे हजारो चिमुकले घन तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातील बदल आणि त्या व्यक्तीने प्रश्नावलीत सांगितलेला त्रास यांचा सहसंबंध काढतात, म्हणजे दोन आकडे किती सोबतीने बदलतात ते पाहतात. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये मांडलेला सहसंबंधाचा हा गुणांक उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. शून्य म्हणजे दोन आकड्यांत सरळ रेषेतील नाते नाही.

‘सायन्स’ या नियतकालिकात २००३ मध्ये आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात १३ जणांना यंत्रात झोपवून संगणकावर चेंडू फेकाफेकीचा खेळ खेळायला दिला आणि मध्येच त्यांना चेंडू देणे बंद केले. वगळले गेल्याचे जितके वाईट वाटले, तितकी मेंदूच्या पुढच्या भागातील एक जागा अधिक सक्रिय दिसली. गुणांक होता ०.८८. मी कृषी सहायक म्हणून नोकरी केली, खताची मात्रा आणि उत्पन्न यांचे आकडे पाहिले. शेतात इतका देखणा आकडा आला, की आम्ही आधी नोंदवही तपासायचो.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड व्हल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमके हेच केले. भावना आणि स्वभाव यांवरील ५५ शोधनिबंध घेऊन त्यांनी लेखकांनाच विचारले, की हे गुणांक काढले कसे. निम्म्याहून अधिक जणांच्या उत्तरांतून निष्पन्न झाले, की हजारो तुकड्यांपैकी ज्यांचा त्रासाशी संबंध ठरावीक पातळीच्या वर गेला तेवढेच निवडले होते आणि त्याच तुकड्यांचा, त्याच माणसांवरचा गुणांक निष्कर्ष म्हणून छापला होता. टीका झालेल्या संशोधकांनी उत्तरे दिली आणि वाद बराच रंगला, पण मूळ आक्षेप मला तरी बिनतोड वाटतो. पीक कापणी प्रयोगाचा, म्हणजे ठरलेल्या तुकड्यातले पीक कापून उत्पन्न मोजण्याचा, अनुभव असलेल्या माणसाला तो सांगावाही लागत नाही. पीक विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते, म्हणून गट क्रमांक आणि त्यातील प्लॉट यादृच्छिक अंकांवरून आधीच ठरवलेला असतो. बांधावरून कोणी “साहेब, हा तुकडा नका घेऊ, तिकडचा घ्या” म्हणाले, तरी तो हलवता येत नाही. मी शेतभर फिरून बोंडांनी लगडलेली झाडे हेरली असती आणि त्यांचीच सरासरी उतारा म्हणून लिहिली असती, तर एकही बोंड चुकीचे न मोजता अख्खा अहवाल खोटा ठरला असता.

शिवाय मोजमापांतच धरसोड असते. तीच प्रश्नावली त्याच माणसाला पंधरा दिवसांनी दिली, तर आकडा थोडा हलतो, यंत्राचेही तसेच. एका मोजमापाची विश्वासार्हता (पुन्हा मोजल्यावर आकडे किती जुळतात ते; १ म्हणजे तंतोतंत) ०.८ आणि दुसऱ्याची ०.७ धरली, तर त्यांच्यात सरासरीने अपेक्षित असलेला सहसंबंध सुमारे ०.७५ च्या पुढे जात नाही. १३ माणसांत एखादाच बिंदू रेषेला वर ओढू शकतो, हे वेगळेच. ‘नेचर’मध्ये २०२२ साली सुमारे ५०,००० जणांच्या माहितीवरून जे दिसले ते मात्र नम्र आहे: मेंदूची मोजमापे आणि बुद्धिमत्ता किंवा मानसिक आरोग्य यांच्यात पुन्हा पडताळता आलेला सर्वांत मोठा सहसंबंध ०.१६ होता. त्याचा वर्ग केला, तर माणसामाणसांतल्या फरकापैकी अडीच टक्क्यांच्या आसपासच स्पष्टीकरण हाती लागते. संशोधनाला तेही उपयोगी असेल, पण एका घरातल्या एका मुलाबद्दल त्यावरून काहीच बोलता येत नाही.

या बातम्यांत एक गोष्ट कधीच नसते. मेंदूचा आकडा ज्याच्याशी ताडून पाहतात, तो त्रासाचा आकडा त्या माणसाला विचारूनच मिळवलेला असतो. मग विचारण्याचे काम सोडून त्याच्या सावलीसाठी नागपूरपर्यंत भाडे भरून कशाला जायचे? नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू ही प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांतील झोप, भूक, थकवा, जगण्याविषयीचे विचार यांबद्दल विचारते आणि तिला कागद-पेन पुरते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत मानसिक आरोग्याच्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलणे सुरू केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच, की अशी बातमी छापताना माणसे किती होती, मेंदूतील जागा आधी ठरवली होती की नंतर निवडली, आणि दुसऱ्या गटावर तोच संबंध पुन्हा मिळाला का, ही माहितीही द्यावी. ओसरीवर आलेले ते गृहस्थ काल मुलाला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेले होते. डॉक्टरांनी अर्धा तास नुसते बोलत बसवले, मशीन काही लावली नाही, अशी त्यांची थोडी तक्रार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त कृषी सहायक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ