लेकीच्या हॅम्बुर्गमध्ये तीन आठवडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिकायला परदेशी गेलेल्या मुलांना भेटायला आई-वडिलांनी जाणे, ही गोष्ट आता दापोली-गुहागरच्या खाडीकाठच्या गावांतही नवलाईची राहिलेली नाही. पण ही मुले आई-वडिलांना तिथे नेमके काय दाखवतात, याविषयी फारसे बोलले जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. मी दाभोळचा, पस्तीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. आमची कन्या जर्मनीत हॅम्बुर्ग येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि 2025 च्या जूनमध्ये, आंबा आटोपून व लावणी धाकट्या भावावर सोपवून, आम्ही उभयता तीन आठवडे तिच्याकडे जाऊन आलो.

जाण्याआधीच्या कटकटींबद्दल फार लिहीत नाही. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देणे, माणशी 90 युरो व्हिसाशुल्क, निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, हे सर्वांनाच चुकत नाही. बॅगेविषयी मात्र कोकणातल्या माणसाला सांगायलाच हवे. युरोपीय संघात प्रवाशाला आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप आणि पेढे घरीच. ताजे फळ न्यायचे तर वनस्पती-आरोग्याचा सरकारी दाखला लागतो, म्हणजे हापूसही घरीच. या दाखल्यातून पाच फळे वगळलेली आहेत आणि त्यांत केळी, अननस, खजूर व ड्युरियन यांच्या जोडीला नारळ आहे, हे कळल्यावर सौभाग्यवतींनी तीन नारळ सोलून बॅगेत टाकले आणि तुपावरून आलेला त्यांचा राग थोडा निवळला. (सुके खोबरे विमानाच्या सामानात चालत नाही, ते नेऊ नये.)

मुलीने आमच्यासाठी आखलेला कार्यक्रम एखाद्या सहल कंपनीच्या तोडीचा होता. हॅम्बुर्गला दोन दिवस, मग बर्लिन, प्राग, पॅरिस, आणि खोलीचे भाडे वाचावे म्हणून मधले काही प्रवास रात्रीच्या बसने. आम्ही तो निमूटपणे पाळला. दहाव्या दिवशी पॅरिसहून रात्रभर बसून परतलो तेव्हा हिच्या पायांना सूज होती, आणि कोणता पूल बर्लिनचा व कोणता प्रागचा हे मला, भूगोलाच्या मास्तरला, फोनमधले फोटो पाहिल्याशिवाय सांगता येईना. ही एवढेच म्हणाली, “आता मला कुठं नेऊ नको. तू राहतेस ती खोली दाखव.”

खोली तोवर दाखवलेलीच नव्हती. वसतिगृहात पाहुण्यांना राहू देत नाहीत म्हणून आमची सोय दुसरीकडे केली होती हे खरे, पण कारण तेवढेच नव्हते. खोली लहान, सात जणांत एक स्वयंपाकघर, आणि तिथल्या फ्रीजमध्ये प्रत्येकाला एक फळी. तिच्या फळीवर आमसुलांची बरणी, कुळथाचे पीठ आणि कागदात गुंडाळलेले शिळे पाव होते. पाव कुठले म्हणून विचारले, तेव्हा कळले की ती आठवड्यातून तीन दिवस पहाटे एका बेकरीत काम करते आणि उरलेला माल तिथल्या कामगारांना घरी नेऊ देतात. पावणेदोन वर्षे आम्ही फोनवर “सगळं छान चाललंय” एवढेच ऐकत आलो होतो. जर्मनीत त्या वर्षी किमान वेतन तासाला 12.82 युरो होते. पॅरिसमध्ये ज्या खोलीत आम्ही एक रात्र पाठ टेकली तिचे भाडे म्हणजे तिची दहा तासांची मजुरी, हा हिशेब मी उभ्या उभ्याच केला. पुढचा हिशेब त्याहून कडू निघाला. आमच्या सहलीपायी तिने प्रयोगशाळेचे दोन तास बुडवले होते. तिथल्या विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग एप्रिलपासून जुलैच्या मध्यापर्यंत चालतात, त्यामुळे ही चूक आमची. आम्ही आंब्याचे वेळापत्रक पाहिले, तिचे पाहिले नाही.

उरलेल्या अकरा दिवसांत तिने आपले कोणतेही काम मोडायचे नाही आणि आम्ही तिच्या मागून फिरायचे, असे ठरले. एका व्याख्यानाला अध्यापकांची परवानगी काढून मीही मागच्या बाकावर बसलो. विषय मला झेपणारा नव्हता. तास संपला आणि सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकांवर ठकठक करू लागला, तसा मी दचकून उभाच राहिलो, कारण आमच्या शाळेत दहावीच्या मुलांनी बाके वाजवली की मुख्याध्यापकांना बोलवावे लागे. तिथे ती टाळ्यांऐवजी दिलेली दाद असते, असे मुलीने मला खाली बसवत सांगितले.

एका संध्याकाळी तिने आम्हाला लांडुंग्सब्र्युकनच्या धक्क्यावर नेले. तिथून 62 क्रमांकाची फेरीबोट नदीपलीकडच्या फिंकनवेर्डरला जाते आणि बस-रेल्वेच्या पासावरच तीत बसता येते. (आम्ही 58 युरोंचा मासिक पास घेतला होता; लांब पल्ल्याच्या जलद गाड्या सोडल्या तर तो देशभर चालतो, पण महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द न केल्यास पुढल्या महिन्याचे पैसेही कापले जातात, तेवढे मुलांनी ध्यानात ठेवावे.) हा धक्का पाण्यावर तरंगणारा आहे. जाताना किनाऱ्यावरून त्यावर उतरणारा पूल जवळजवळ सपाट होता आणि परत आलो तो चांगलाच चढाचा झालेला. समुद्र तिथून सुमारे शंभर किलोमीटर दूर, तरी एल्बे नदीला साडेतीन मीटरहून अधिक भरती-ओहोटी असते. दाभोळला शिरलेली भरती वाशिष्ठीतून थेट गोवळकोटपर्यंत चढते, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढून दाखवत आलो; त्या चित्रातली नदी परक्या मुलखात पायाखाली हलताना पाहून मी बराच वेळ काही बोललो नाही. फिंकनवेर्डरला मुलीचे काही काम नसते. मग तिकडे कशाला जातेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “पेपर अवघड गेला की जाते, बाबा. वेगळं तिकीट लागत नाही, आणि पलीकडे धोपावं असल्यासारखं वाटतं.” (धोपावे म्हणजे आमच्या दाभोळसमोरचे खाडीपलीकडचे गाव.)

रविवारी तिथली दुकाने बंद असतात, पण मासळीबाजार 1703 पासून रविवारीच भरतो, उन्हाळ्यात पहाटे पाच ते साडेनऊ. हिचे माहेर हर्णैचे, लिलावाच्या आरोळ्या ऐकत वाढलेली. अंगावर नारिंगी ठिपके असलेला एक चपटा मासा तिने उचलला, कल्ला उघडून पाहिला, पोटावर अंगठा दाबला आणि “हा लेपच, ठिपके तेवढे निराळे” असा निर्वाळा दिला. भाव मात्र तिने सव्वानऊपर्यंत केला नाही. मुलगी संकोचून बाजूला उभी होती. विक्रेत्याने शेवटी एकाच्या भावात दोन दिले, तेव्हा जवळ आली. नारळ वसतिगृहाच्या पायरीवर फोडावा लागला, कारण सात जणांच्या त्या स्वयंपाकघरात कोयता नव्हता.

परदेशी शिकणाऱ्या आमच्या मुलांना वाटते की आई-वडील एवढा खर्च करून आले आहेत तर त्यांना सगळा युरोप दाखवला पाहिजे, आणि परतल्यावर चारचौघांत सांगायला आम्हालाही आयफेल मनोरा हवा असतो, हे मी नाकारत नाही. परंतु पुष्कळदा ही धावपळ मुले स्वतःची ओढाताण आमच्या नजरेआड ठेवण्यासाठीही करतात, असे मला आता वाटते. शैक्षणिक कर्जासाठी घर तारण ठेवणाऱ्या आई-वडिलांना फ्रीजमधली ती फळी पाहून वाईट वाटते, यात शंका नाही. आम्हालाही वाटले. पण त्यानंतर तिचे फोन लांबले, आणि बेकरीत कोणत्या दिवशी किती वाजता जायचे आहे हे ती आपणहून सांगू लागली.

गुहागरचे एक दांपत्य पुढील महिन्यात आपल्या मुलाकडे निघाले आहे. काय काय पाहिलेत त्याची यादी मागायला ते परवा आमच्याकडे आले होते. मी त्यांना नारळाचा नियम सांगितला, आणि मुलाचे वर्गांचे वेळापत्रक आजच मागवून घ्या, असे सांगितले. हिने त्यांच्याजवळ एक लहान कोयता दिला आहे, तो त्यांनी मोठ्या बॅगेत ठेवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
दाभोळ, ता. दापोली, जि. रत्नागिरी