‘वन्ही’चा ‘वाणी’ आणि गाळलेल्या ओळी

महोदय,

आपल्या दैनिकाच्या संपादकीय पानावर उजव्या कोपऱ्यात रोज एक चौकट असते. गेल्या गुरुवारी तिथे मुक्ताबाईंची ओळ होती : ‘विश्व रागे झाले वाणी, संते सुखे व्हावे पाणी’. मूळ शब्द ‘वन्ही’ आहे, म्हणजे अग्नी. वन्ही विझवायला पाणी लागते. वाण्याचा आणि पाण्याचा इथे काय संबंध, असा प्रश्न चौकट भरणाऱ्याला क्षणभर तरी पडायला हवा होता. मी ३१ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. निवृत्तीनंतरही असे काही दिसले की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

एवढ्या दुरुस्तीला दोन ओळींचे पत्र पुरले असते. हे लांबले ते दुसऱ्या कारणाने.

दीड वर्षापूर्वी माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समोरच्याचे बोलणे बरेचसे कळे, पण स्वतःचा शब्द सापडत नसे. ‘पाणी’ म्हणायला जात आणि तोंडून ‘किल्ली’ येई. आपण चुकलो हेही कळे, मग डोळे भरून येत. त्याच दिवसांत टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या युद्धाच्या बातम्या चालू होत्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याच बातम्यांवरून एकमेकांची उणीदुणी निघत होती. ‘शब्द शस्त्रें झाले क्लेश’ ही मुक्ताबाईंचीच ओळ त्या ग्रुपला नाव म्हणून शोभली असती.

भांडणातून उसंत मिळाली की तीच माणसे मला धीर द्यायला संतवचने पाठवत. एकदा सूर्योदयाच्या चित्रावर तुकोबा आले : ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’. खाली कोणीतरी लिहिले होते, संकटाकडे संधी म्हणून पाहा. मी फोन पालथा ठेवला. खरे सांगते, त्या दिवशी मला तुकोबांचाच राग आला होता.

रात्री दर दोन तासांनी यजमानांची कूस बदलावी लागे. मधल्या वेळात झोप लागत नसे. अशाच एका रात्री गाथा काढली, भक्तीने मुळीच नाही, या माणसाने खरेच असे लिहिले आहे का हे तपासायला. लिहिले आहे. पण लगेच पुढे आहे, ‘बरी या दुष्काळें पीडा केली’. हा दुष्काळ अलंकार म्हणून आलेला नाही. १६३० मध्ये पावसाने दगा दिला आणि पुढची दोनेक वर्षे दख्खनेत माणसे आणि गुरे अन्नावाचून मेली, तो हा दुष्काळ. पाने उलटत गेले तेव्हा तो अभंग सापडला :

‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥
लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें । वेवसाय देख तुटी येतां ॥’

मुद्रितशोधक अर्थ वाचत नाही, अक्षरे वाचतो, असे आमच्यात म्हणतात. त्या रात्री मी एका अक्षरसमूहावर अडकले : ‘लज्जा’. बायको भुकेने गेली आणि माणूस लाज वाटते म्हणतो. शोक म्हटले असते तर मी पुढे गेले असते, कारण शोकाची सगळ्यांना अपेक्षाच असते. माझ्या मनात जे होते ते मात्र शोकात मोडत नव्हते. दुपारी कुशीवर वळवताना मी यजमानांवर खेकसले होते. धाकट्या दिराकडे दुसऱ्यांदा उसने पैसे मागितले होते, तेही फोनवर, कारण समोर बसून मागवेना. हे कोणाला सांगितले नव्हते आणि याला नावही सुचत नव्हते. पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या एका दिवाळखोर माणसाने ते नाव लिहून ठेवले होते. ‘बरें जालें’ हे लाजेच्या पलीकडे जाऊन आलेल्या माणसाचे बोलणे आहे. ते दुसऱ्याला पाठवायचे नसते. ज्याचे त्याने, जमले तर, कधीतरी म्हणायचे असते.

मग मला हे वेडच लागले. चौकटीत आणि फोनवर येणारे एकेक वचन घ्यायचे आणि त्याची गाळलेली बाजू शोधायची. रूमी या फारसी सूफी कवीच्या नावावर तर काय वाटेल ते खपते. इंग्रजीत गाजलेली त्याची काही रूपांतरे फारसी न येणाऱ्यांनी, आधीच्या भाषांतरांवरून बेतलेली आहेत आणि आपल्याकडे मराठीत उतरतात ती बहुधा तीच. त्याचे मूळ दीर्घकाव्य ‘मसनवी’ सुमारे २५ हजार द्विपदींचे आहे आणि त्याची सुरुवात होते ती बासरीच्या तक्रारीने. बेटातून तोडलेला वेळू, मला कापल्यापासून माझ्या रडण्याने बाया-पुरुष रडताहेत, असे म्हणतो. ताटातुटीची तक्रार आधी, बाकी सगळे तत्त्वज्ञान नंतर.

दुसरे उदाहरण ‘आत्म्याची काळोखी रात्र’. नैराश्याबद्दल कोणीही लिहायला बसले की हे शब्द येतात. ते ज्या कवितेवरून आले, ती सेंट जॉन ऑफ द क्रॉस या स्पॅनिश संन्याशाची. त्याच्याच पंथाच्या लोकांनी त्याला डिसेंबर १५७७ मध्ये तोलेदोच्या मठात, जेमतेम आडवे होता येईल अशा कोठडीत डांबले. ऑगस्ट १५७८ मध्ये तो एका रात्री पांघरुणाच्या पट्ट्या बांधून खिडकीतून उतरला आणि निसटला. कविता त्यानंतरची. तिच्यातली रात्र भयाण नाहीच. घर निजलेले असताना कोणीतरी चोरपावलांनी जिन्याने बाहेर पडते आहे, हृदयातल्या ज्योतीशिवाय हातात दिवा नाही आणि ती रात्र पहाटेहूनही प्रिय आहे. आठ कडव्यांची ही कविता. पुढे त्याने तिच्यावर स्वतःच भाष्य लिहायला घेतले आणि तिसऱ्या कडव्याशीच सोडून दिले. मला हे फार आवडले. स्वतःच्या कवितेचा अर्थ सांगता सांगता थांबणारा कवी विश्वासू वाटतो.

ज्ञानेश्वरांची एक ओळ मी तरुणपणापासून गुणगुणत आले आहे : ‘शब्देविण संवादु दुजेविण अनुवादु’. तिच्या पुढे येते, ‘परेहि परतें बोलणें खुंटलें, वैखरी कैसेनि सांगे’. परा म्हणजे सर्वांत खोलची, न उच्चारलेली वाणी आणि वैखरी म्हणजे तोंडाने उच्चारलेली. एका बाईंनी यजमानांना भेटायला येऊन ही ओळ मला ऐकवली आणि ‘तेही आता त्याच अवस्थेत आहेत’ असे सांगितले. मी त्यांना दारापर्यंत पोचवले. यजमानांची वैखरी खुंटली होती ती मेंदूच्या डाव्या बाजूला अडकलेल्या गुठळीमुळे. त्याला अनुभूती म्हणणे हा त्यांचाही अपमान आणि ज्ञानेश्वरांचाही. तरीही त्या ओळीने मला एक गोष्ट दिली, ती कबूल केली पाहिजे. तोवर मी त्यांच्यापाशी बसले की सारखी बोलत असे. शब्द सुचवत असे, त्यांची वाक्ये पुरी करत असे, थोडक्यात त्यांच्या तोंडचे मुद्रितशोधन करत असे. ते मी बंद केले. दोघे गप्प बसू लागलो. त्यांची चिडचिड थोडी कमी झाली, माझी बरीच.

मग मी रात्री मोठ्याने वाचू लागले. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग चालू होते; ताटी म्हणजे झोपडीचे दार. जनांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ते लावून आत बसले आणि धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेरून त्यांना समजावते आहे, असा प्रसंग परंपरा सांगते. मी ‘विश्वपट ब्रह्म दोरा, ताटी उघडा’ इथवर आले आणि पान उलटायला थांबले. पलंगावरून आवाज आला, ‘ज्ञानेश्वरा’. स्पष्ट, चालीत.

दुसऱ्या दिवशी वाचोपचार करणाऱ्या मुलीला सांगितले. ती म्हणाली, असे होते. लहानपणी चालीवर पाठ केलेले गाणे किंवा पद्य बोलणे गेल्यावरही पुष्कळदा शाबूत राहते. याला सुधारणा समजू नका, पण म्हणत राहा. आम्ही म्हणत राहिलो. ते आजही चहा मागू शकत नाहीत, हाताने खूण करतात. पण अभंगाचा शेवटचा शब्द त्यांचा, असे आमचे ठरून गेले आहे.

विनंती अशी की चौकटीत एकच चमकदार ओळ देण्याऐवजी अख्खा अभंग द्यावा. बहुतेक अभंग चार-पाच कडव्यांचे असतात, तेवढी जागा निघेल. कवी परका असेल तर भाषांतर कोणाचे तेही द्यावे. जागा अगदीच नसेल तर चौकट आठवड्यातून एकदाच छापावी, माझी तक्रार नाही. तोवर गुरुवारच्या ओळीत ‘वन्ही’ एवढी दुरुस्ती मात्र उद्याच्या अंकात यावी. ती चौकट मी घरात वाचून दाखवते आणि ‘वाणी’ ऐकून यजमान बराच वेळ मान हलवत होते.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक