यमुना अर्ध्यात सोडलीस, हरकत नाही

बुलढाणा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या वाचनगटाने ‘पण लक्षात कोण घेतो?’ निवडली, बहुतेकांनी मध्येच सोडली, तूही सोडलीस, आणि वर फोनवर मलाच विचारलंस, “बाबा, हे अभिजात-बिभिजात ठरवतं कोण? पुण्यातली चार माणसं?” तुझी आई शेजारी बसून हसत होती. फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. माझं बोलणं तुला माहीतच आहे, गाडी रुळावर येईपर्यंत समोरच्याने फोन ठेवलेला असतो. म्हणून लिहितो.

आधी यमुनेचं, म्हणजे त्या कादंबरीच्या नायिकेचं. हरिभाऊ आपट्यांनी ही कादंबरी सलग वाचून संपवण्यासाठी लिहिलीच नव्हती. त्यांचं ‘करमणूक’ साप्ताहिक १८९० मध्ये निघालं, त्यात ती क्रमशः येत गेली आणि पुस्तक झालं १८९३ मध्ये. वाचकाला तेव्हा एका वेळी थोडंच मिळायचं, मग पुढच्या अंकापर्यंत वाट बघायची आणि घराघरांत त्यावर वाद घालायचे. तुम्ही मात्र तारीख ठरवून ती उरकायला बसलात. मग पाल्हाळ जाणवणारच, आणि पाल्हाळ आहेही. एकच गोष्ट यमुना तीनदा सांगते, आणि तिसऱ्यांदा मीही पानं उलटतो. त्यात पाप नाही.

पण तेव्हा बाहेर काय चाललं होतं ते लक्षात घे. संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात रण माजलं होतं. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय, तिचं लग्न झालेलं असलं तरी, दहावरून बारा करायचं, एवढाच प्रश्न होता. टिळक विरोधात, आगरकर बाजूने, सभा उधळल्या जात होत्या, आणि मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. दोन्हीकडचे पुरुष शास्त्राधार काढून भांडत असताना या कादंबरीतली मुलगी कुठलाही आधार काढत नाही. सासरी काय झालं, दारामागून काय ऐकू आलं, दादा काय म्हणाला, मैत्रीण दुर्गीच्या वाट्याला काय आलं, एवढंच ती सांगते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाने ते घरातल्या बायकांच्या बोलीत लिहिलं, हे मला आजही नवल वाटतं.

तू सोडलीस ती मुंबईच्या आधी की नंतर? आधी सोडली असशील तर एकदा तिथपर्यंत जा. यमुना आणि रघुनाथराव मुंबईला बिऱ्हाड करतात, तो भाग संथ आहे, काही घडत नाही म्हणावं तर तेही खरं. नवरा-बायको मोकळेपणाने बोलतात, ती वाचते, जग थोडं मोठं होतं. हे सुख लेखक सावकाश देतो, कारण पुढे ते सगळं काढून घ्यायचं असतं. सासरचे शंकरमामंजी आणि विधवा झालेल्या यमुनेचं ते केशवपन येतं तेव्हा वाचणाऱ्याचाही काही हक्क हिरावल्यासारखं होतं. मुंबईची पानं गाळून थेट तिथे गेलीस तर ती फक्त एक जुनी दुष्ट चाल उरेल.

आता तुझा प्रश्न. पुण्यातली चार माणसं हे अर्धं खरं आहे. हरिभाऊंकडे साप्ताहिक होतं, मित्रमंडळ होतं, संस्कृत ग्रंथ छापणाऱ्या आनंदाश्रमाचा कारभार होता, पुढे नगरपालिकेचं अध्यक्षपदही आलं. त्यांचं पुस्तक हरवणं अवघडच होतं. त्या पुस्तकातलं जगही पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण घरांपुरतं आहे. तुला ते खटकलं असेल तर बरोबर खटकलं.

मात्र त्या कादंबरीच्या आठेक वर्षं आधी, इथे, आपल्या बुलढाण्यात, एका बाईने एक पुस्तक लिहिलं होतं. ताराबाई शिंदे, ‘स्त्री पुरुष तुलना’, १८८२. मी याच गावात शाळा शिकलो आणि हे नाव शाळेत एकदाही कानावर आलं नाही. ताराबाईंच्या लहानपणी इथे मुलींना शाळा नव्हती, त्यांना वडिलांनी घरीच शिकवलं. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला, सत्यशोधकी विचाराचे. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याबद्दल १८८१ मध्ये फाशी सुनावली गेली (ती पुढे कमी झाली). त्यावरून ‘पुणे वैभव’ पत्राने एकूण बायकांच्या चालचलणुकीवरच तोंडसुख घेतलं. ते वाचून ताराबाईंनी उत्तर लिहिलं. पुण्याच्या छापखान्यात पाचशे प्रती छापल्या, किंमत नऊ आणे. गंमत बघ, याच ‘पुणे वैभवा’त १८८५ मध्ये हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ आली.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. ताराबाई स्वतः एक आधुनिक वाचक होत्या, तुमच्या गटातल्या कोणाहीइतक्या. तेव्हा लोक डोक्यावर घेत त्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्या त्यांनी वाचल्या होत्या आणि त्यातल्या बायका अशा का रंगवल्या, म्हणून त्या लेखकांना त्यांनी फैलावर घेतलं. पुराणांनाही सोडलं नाही. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली, तसा बायकोसाठी गेलेला एक तरी पुरुष दाखवा, असं त्या विचारतात. नवरा देवासारखा मानायचा तर त्याने देवासारखं वागायला नको का, हेही. असं वाचायला शिकवणारं त्या काळी वऱ्हाडात कोण होतं, मला कळत नाही. आज त्या कादंबऱ्यांची नावं एमएच्या परीक्षेपुरती उरली आणि त्यांच्यावर चिडलेली वाचक छापली जाते.

पण ते आपोआप झालं नाही. पुस्तकावर टीका झाली, जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, आणि मग शांतता. त्यानंतर ताराबाईंनी काही लिहिलेलं मिळत नाही. जवळजवळ शतकभर पुस्तक नव्हतंच म्हण. मराठीचे संशोधक स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ मध्ये पुन्हा छापलं. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, स्त्री चळवळीतल्या वाचकांना अशा पुस्तकाची भूक होती, आणि त्यांनी ते वर आणलं. १९९४ मध्ये इंग्रजी भाषांतरही झालं.

तेव्हा, ठरवतं कोण याचं माझं उत्तर असं की छापणारे ठरवतात, शिकवणारे ठरवतात, आणि त्यांनी ठरवलेलं वाचणारे अधूनमधून उलटवतात. तुमचा गट त्यातलाच. यमुना अर्ध्यात सोडणं हासुद्धा एक अभिप्राय आहे, फक्त त्याचं कारण नीट सांगा. “आता हे कोण वाचतं” हे कारण झालं नाही. ते प्रत्येक पुस्तकाबद्दल म्हणता येतं, कालच आलेल्याबद्दलही.

माझी सूचना: पुढच्या बैठकीत दोन्ही एकत्र घ्या. ताराबाईंचं पुस्तक लहान आहे, दोन संध्याकाळी होईल. भाषा जुनी, विरामचिन्हांची वानवा, त्यामुळे मनात वाचू नका, एकाने मोठ्याने वाचा. ते समोरच्याला झापण्याच्या सुरात लिहिलंय, ऐकलं की लगेच उलगडतं. मग यमुनेचं केशवपनाचं प्रकरण. एकीकडे रागावलेली बाई पुरुषांना उद्देशून बोलते, दुसरीकडे एक पुरुष सोसणाऱ्या बाईच्या तोंडून बोलतो. वाचकांना कोणती बाई परवडली आणि कोणती नाही, यावर तुमची संध्याकाळ जाईल. तुझ्या त्या मैत्रिणीला, जी म्हणाली की जुन्या पुस्तकांत बायका नुसत्या रडतात, तिला ताराबाई आधी दे.

आवृत्ती बघून घे. दोघांच्याही लेखनावर आता स्वामित्वहक्क नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो संपतो, आणि हरिभाऊ गेले १९१९ मध्ये. त्यामुळे कोणीही छापतं, कसंही छापतं. मुखपृष्ठावर बारीक अक्षरात ‘संक्षिप्त’ लिहिलेलं असतं, ते आधी शोध.

माझी ‘तुलना’ची प्रत मलकापूरहून पुण्याला येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवतोय. पानांवर पेन्सिलीने लिहिलेलं माझं आहे, निळ्या शाईतलं आईचं. तिचं माझं एका जागी पटलेलं नाही: ती म्हणते ताराबाई बायकांनाही ऐकवतात आणि तिथे त्या जरा जास्तच कडक होतात. मला ते पटत नाही. तू वाचून कोणाच्या बाजूने ते कळव, पण फोन आईला कर, म्हणजे ती मला ऐकवेल.

तुझे
बाबा